पीक इकडे, माती तिकडे

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात कृषिविद्या हा एक विभाग आहे आणि मृदविज्ञान व कृषी रसायनशास्त्र हा दुसरा. पहिल्यात पेरणीचं अंतर, बियाण्याचं प्रमाण, तणं, पाण्याच्या पाळ्या. दुसऱ्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, चुनखडी. विद्यार्थी सकाळी एकीकडे असतो, दुपारी दुसरीकडे. वह्या वेगळ्या, प्रात्यक्षिकं वेगळी, परीक्षा वेगळ्या. चार वर्षांत त्याला दोन्ही विषय बऱ्यापैकी येतात, पण ते एकत्र कुठे भेटतात हे शोधायचं काम त्याच्यावरच सोपवलेलं असतं.

केवड्याचंच घ्या. उसाच्या किंवा भुईमुगाच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडत जातो, तेव्हा शेतकरी म्हणतो, ‘केवडा पडला.’ पीक बघणारा सांगेल, लोहाची कमतरता. मग हिराकस आणून जमिनीत टाकला जातो आणि काहीच फरक पडत नाही. कारण चुनखडीच्या जमिनीत लोह मुळातच भरपूर असतं, फक्त मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं. वरून टाकलेला हिराकसही ती जमीन तसाच बांधून ठेवते. म्हणून तो पानांवर फवारायचा, नाहीतर शेणखतात मुरवून द्यायचा. हे उत्तर ना एकट्या कृषिविद्येच्या वहीत पूर्ण असतं, ना एकट्या मृदविज्ञानाच्या. पीक आणि जमीन यांचं व्यवस्थापन विद्यापीठात शिकवायचं म्हणजे काय, हा प्रश्न म्हणूनच पुण्यातून बघण्यासारखा आहे. या शहरात तो जवळजवळ दीड शतक हाताळला जातो आहे, आणि माझ्या मते सुरुवातीला तो आजच्यापेक्षा बरा हाताळला जात होता.

पुण्यात शेतीचं उच्च शिक्षण सुरू झालं ते १८७९ मध्ये, सायन्स कॉलेजची, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, एक शाखा म्हणून. दख्खनचा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. शेतीकडे शास्त्राच्या नजरेने बघावं असं सरकारला वाटू लागलं होतं. चारच वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात डोंगरउतारावरून वाहून जाणाऱ्या मातीची आणि वाया जाणाऱ्या पाण्याची तक्रार आहे, आणि ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावं, त्यासाठी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या माणसांचे हात वापरावेत, अशी थेट सूचनाही आहे. मृदसंधारण हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हतं, पण विषय तोच होता. पुढे राहुरीच्या विद्यापीठाला फुल्यांचं नाव मिळालं. त्यांचा हा भाग त्या विद्यापीठाच्या पहिल्या सत्रात वाचायला लावायला काय हरकत आहे, असं मला नेहमी वाटतं.

स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभं राहिलं ते १९०७ मध्ये, भांबुर्ड्याला, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात. पहिले प्राचार्य हॅरल्ड मॅन. हे गृहस्थ रसायनशास्त्रज्ञ. पुण्याला येण्याआधी आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करत होते. त्यांनी पुण्यात काय केलं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या चर्चेची मोजपट्टी तिथे आहे.

नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी १८८० च्या दशकात बारामतीकडच्या काळ्या जमिनीत आलं. ऊस उभा राहिला, आणि थोड्याच वर्षांत खोलगट रानं पांढरी पडू लागली. मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये तो प्रसिद्ध केला. दोष एकट्या मातीचा नव्हता आणि एकट्या पिकाचाही नव्हता. भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मुळातच सावकाश होतो. तिला बारमाही पाणी मागणारं पीक दिलं आणि पाणी जवळजवळ फुकट दिलं की भूजल वर चढतं, सोबत क्षार वर आणतं आणि उन्हाने पाणी उडून गेलं की क्षार पृष्ठभागावर साठतात. माती, पीक, पाणी आणि कालव्याची दरपट्टी असा चौघांचा मिळून तो आजार होता.

याच माणसाने नंतर पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव घेतलं आणि घरटी, वावरटी त्याचा हिशेब मांडला. ते पुस्तक १९१७ चं. पेशव्यांच्या काळापासूनची दप्तरं चाळून त्याने दाखवलं की १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारण सुमारे चाळीस एकरांची होती आणि १९१५ च्या सुमारास ती सात एकरांवर आली होती. तीही एका जागी नाही, तुकड्यातुकड्यांत. नंतर नारायणराव कानिटकरांना बरोबर घेऊन जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा दुसरा अभ्यास १९२१ मध्ये निघाला. रसायनशास्त्राच्या माणसाने कर्जाचे आणि वाटण्यांचे आकडे का गोळा करावेत? कारण खत किती घालावं याचं उत्तर नुसत्या मातीच्या नमुन्यात सापडत नाही, ते घालायला शेतकऱ्याकडे काय उरतं यावरही ते अवलंबून असतं, हे त्याला कळलं होतं. आज पिंपळे सौदागरला जाणाऱ्याला वावर दिसणार नाही, मनोरे दिसतील. पण भारतातल्या खेडेगावांच्या शास्त्रीय पाहणीचा पाया जिथे घातला गेला त्या गावांपैकी ते एक आहे, आणि तिथल्या सोसायट्यांत राहणाऱ्या फार थोड्यांना हे माहीत असेल.

मॅननंतरची पिढीही त्याच वळणाची होती. रावबहादूर द. ल. सहस्रबुद्धे आणि दाजी यांनी दख्खनच्या जमिनी गमावलेला नत्र पुन्हा कशा भरून काढतात यावर १९२५ मध्ये काम प्रसिद्ध केलं. दाजींचं मृदविज्ञानाचं पाठ्यपुस्तक पुढे कित्येक विद्यार्थ्यांच्या हाती राहिलं. कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांना पुण्याजवळ मांजरीला १९२३ मध्ये सुरुवात झाली, मग कानिटकरांनी ते सोलापूरला नेले. त्यातून जी पद्धत निघाली ती ‘बॉम्बे ड्राय फार्मिंग’ म्हणून ओळखली गेली: बांध घालायचे, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट करायची, पेरणीपूर्वी कुळवाच्या पाळ्या घालून ओल धरायची, बियाणं कमी वापरायचं, ओळींतलं अंतर वाढवायचं आणि पीक उभं असताना कोळपत राहायचं. यातली एकही गोष्ट एकट्या पिकाची किंवा एकट्या जमिनीची म्हणता येत नाही. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. तेव्हा रोपांची संख्या ही जमिनीत किती पाणी शिल्लक आहे त्याचा हिशेब करून ठरवायची, हे त्या पद्धतीचं सार आहे.

इकडे पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात बसू आणि शिरूर यांनी १९३८ पर्यंत नीरा उजवा कालवा आणि प्रवरा या लाभक्षेत्रांतल्या जमिनींची प्रतवारी लावली. प्रत्येक प्रकाराचा उभा छेद घेऊन, कोणत्या थरात चुनखडी आहे, कोणत्या थराखाली मुरूम लागतो, निचरा कसा आहे, हे पाहून कुठे ऊस घ्यावा आणि कुठे घेऊ नये हे सांगण्याचा तो प्रयत्न होता. ‘घेऊ नये’ हा भाग कोणी फारसा मनावर घेतला नाही, ही गोष्ट वेगळी.

पुण्याला आणखी एक जमेची बाजू होती, ती म्हणजे हवामान खातं. त्याचं ‘सिमला ऑफिस’ महाविद्यालयाच्या शेजारीच. १९३२ मध्ये तिथे कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला, ल. अ. रामदास त्याचे प्रमुख होते, आणि वेधशाळा कृषी महाविद्यालयाच्या शेतावरच बसवली गेली. रामदासांनी पुण्याच्या काळ्या जमिनीवर पांढऱ्या खडूच्या भुकटीचा पातळ थर पसरून तिचं तापमान किती उतरतं ते मोजलं होतं. आच्छादनाच्या अभ्यासात आज जे शिकवलं जातं त्याचा हा एक जुना आणि देखणा प्रयोग आहे.

 

१९६८ मध्ये महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झालं, लगेच त्याचे विभागवार भाग पडले. १९६९ मध्ये अकोला, १९७२ मध्ये परभणी आणि दापोली. पुण्याचं महाविद्यालय राहुरीच्या विद्यापीठात गेलं. अमेरिकेतल्या लँड ग्रँट विद्यापीठांच्या नमुन्यावर शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामं एका छताखाली आणायची ही कल्पना होती. फायदा निश्चित झाला. वाणांच्या बाबतीत तर पीक आणि जमीन यांची सांगड राहुरीने फार छान घातली आहे. रब्बी ज्वारीच्या शिफारशी बघा: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, फुले माउली, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा, फुले यशोदा, बागायतीला फुले रेवती. जमिनीच्या खोलीवरून वाण निवडायचा. जुनी मालदांडी सगळीकडे चालवून नेत होतीच, पण उथळ रानात ती दाणे भरायच्या वेळी तहानेने मान टाकायची. त्याच न्यायाने उसातला फुले २६५ क्षारपड आणि चोपण जमिनीत इतर वाणांपेक्षा तग धरतो. माती परीक्षणावरून, अपेक्षित उत्पादन धरून खताची मात्रा काढायची समीकरणंही राहुरीला मृद चाचणी पीक प्रतिसाद योजनेत तयार झाली. हे सगळं पदवीच्या वर्गात शिकवलं जातं. पण वाण एका तासाला आणि जमिनीची खोली दुसऱ्या तासाला.

सांगड सुटल्यावर काय होतं याचं उदाहरण बांधबंदिस्तीत आहे. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर मुंबई इलाख्यात समपातळी बांधांचं मोठं काम झालं. हलक्या आणि मध्यम जमिनीत ते उपयोगी पडलं. खोल काळ्या जमिनीत मात्र पाणी बांधाला तुंबून राहायचं, पीक पिवळं पडायचं, आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळली की पुढच्या पावसात बांध फुटायचे. शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने ते फोडले, आणि खात्याने अडाणीपणा म्हणून त्याची नोंद केली असेल तर नवल नाही. एकच उपाय सगळ्या जमिनींवर बसवायचा, हे विस्तार खात्याचं जुनं दुखणं आहे.

आता आजची पदवी. बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी, चार वर्षं, आठ सत्रं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समित्या अभ्यासक्रम ठरवतात आणि तो देशभर जवळपास सारखाच असतो; पाचव्या समितीचा काही वर्षं चालला, सहाव्या समितीचा २०२४-२५ पासून लागू झाला. कृषिविद्येची मूलतत्त्वं, मृदविज्ञानाची मूलतत्त्वं, खरीप आणि रब्बी पिकांचं उत्पादन तंत्र, खतं आणि जमिनीची सुपीकता, समस्यायुक्त जमिनी, कोरडवाहू शेती आणि पाणलोट, असे विषय. शिवाय कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, अर्थशास्त्र, विस्तार, पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, अन्नप्रक्रिया. एका सत्रात इतके विषय की कोणत्याही एका विषयाला बूड टेकवायला वेळ मिळत नाही. पेरणीचं प्रात्यक्षिक म्हणून विद्यार्थ्याला छोटा वाफा मिळतो, त्यात तो पीक घेतो. मला खटकतं ते हे, की त्या वाफ्याची माती तपासून, छेद बघून, तिच्यावरून पीक ठरवायला त्याला कोणी सांगत नाही. पीक आधी ठरलेलं असतं आणि जमीन आहे ती आहे.

दोन्ही विषय एकत्र येतात ते शेवटच्या वर्षात, ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात. मुलं ‘कृषिदूत’ होतात, मुली ‘कृषिकन्या’, आणि सत्रभर एखाद्या गावात शेतकऱ्यांच्या सोबत काम करतात. स्थानिक वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो येतात: कृषिकन्यांनी दाखवलं माती परीक्षणाचं प्रात्यक्षिक. व्ही आकाराचा खड्डा, कडेची माती, नमुने एकत्र, चार भाग, समोरासमोरचे दोन बाजूला, अर्धा किलो उरेपर्यंत पुन्हा तेच. प्रात्यक्षिक चांगलंच आहे. पण नमुना प्रयोगशाळेत गेला, अहवाल आला आणि तो घेऊन कृषिकन्या पुन्हा त्या शेतकऱ्याच्या बांधावर गेली, मग पुढच्या हंगामात काय झालं ते बघायला तिसऱ्यांदा गेली, असं घडायला सत्र पुरत नाही. मातीचं गणित हंगामांचं असतं आणि पदवीचं सत्रांचं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडला १८४३ पासून एकाच रानात गहू पेरून खतांचा परिणाम बघत आहेत. अकोल्याला आणि परभणीलाही खतांचे दीर्घ मुदतीचे प्रयोग आहेत. अशा एखाद्या प्रयोगाचे जुने आकडे विद्यार्थ्याच्या हाती देऊन ‘यातून काय दिसतं ते सांग’ असा पेपर काढला, तर चार वर्षांची उणीव थोडी भरून निघेल.

मृदा आरोग्य पत्रिकेचंही असंच आहे. २०१५ पासूनच्या या योजनेत बारा घटक तपासले जातात, पण नमुना ओलिताखाली अडीच हेक्टरांच्या आणि कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकोनामागे एक. पिंपळे सौदागरचे तुकडे आठवले तर लक्षात येतं की हातात आलेली पत्रिका शेतकऱ्याच्या वावराची असेलच असं नाही. हे गणित समजावून सांगणारा माणूस गावात असायला हवा, आणि तोच तर कृषी पदवीधर.

पण तो गावात असतो का? प्रवेशापासून बघू. बारावी विज्ञान, राज्याची सीईटी, आणि शेतकऱ्याच्या मुलाला सातबाऱ्याच्या जोरावर अधिकचा भारांक. सातबारा घेऊन आत आलेला मुलगा चार वर्षांनी बाहेर पडतो तो बहुधा सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांच्या पुण्यात कृषी पदवीधरांची संख्या मोठी आहे. कोणी महाराष्ट्र कृषी सेवा परीक्षेला बसतो, कोणी बँकेतल्या कृषी अधिकारीपदाला, कोणी थेट राज्यसेवेला. यात त्यांचा दोष नाही. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयं गेल्या दोन-अडीच दशकांत भराभर वाढली, पदव्या वाढल्या, आणि माती-पिकाचा सल्ला देण्याची पगारी नोकरी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. जी वाढली ती निविष्ठा कंपन्यांची: बियाणं, खतं, औषधं विकण्याची. प्रत्यक्षात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मातीचा सल्ला मिळतो तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. खत-औषधांच्या परवान्यासाठी आता कृषीचं शिक्षण लागतं, ही चांगली सुधारणा आहे. पण सल्ला देणारा आणि माल विकणारा एकच असला की ‘काही टाकू नका’ हा सल्ला क्वचितच मिळतो.

दुसरा एक अडथळा भाषेचा आहे. पदविका मराठीत आणि पदवी इंग्रजीत. पदवीधराला सच्छिद्रता, धन आयन विनिमय क्षमता इंग्रजीत पाठ असते, आणि वाफसा कधी आला हे मातीचा गोळा करून बघणारा बाप घरी असतो. दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, पण परीक्षेत वाफशाला गुण नाहीत. पुण्यातून निघणारा ‘अॅग्रोवन’ २००५ पासून रोज मराठीत मृदविज्ञान छापतो आहे. विद्यापीठाच्या पुस्तकांपेक्षा त्याची भाषा शेतकऱ्याला जवळची वाटते, आणि प्राध्यापकच त्यात लिहितात, म्हणजे लिहिता येतं.

विद्यापीठाबाहेर या दोन गोष्टी जोडणारी माणसं महाराष्ट्रात कमी नाहीत. श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना सूर्यप्रकाश, पानं आणि मुळं यांचा हिशेब मांडायला शिकवलं. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर ऊसशेतकरी. मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करून नांगरणीशिवाय शेती करतात आणि त्यावर लिहितात. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांनी सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर चिखलणी न करता भात घेऊन दाखवला. यातलं सगळं सगळ्या जमिनींना लागू पडेल असं नाही. खोल काळ्या रानात आणि कोकणच्या जांभ्यात फार फरक आहे, आणि या मंडळींचे अनुयायी कधीकधी ते विसरतात. विद्यापीठाचं काम तिथे आहे: कुठे चालतं आणि कुठे नाही हे मोजून सांगणं.

परदेशात टेक्सास ए अँड एम किंवा कोलोरॅडो स्टेट अशा विद्यापीठांत मृदा आणि पीकशास्त्राचा एकच विभाग आहे. नुसते विभाग एक केल्याने शिकवणं एक होतं असं मी म्हणणार नाही. भिंत पाडली तरी कपाटं वेगळी राहू शकतात. पण तिथे प्रश्न निदान एकाच टेबलावर येतो.

नीरेपासून सुरू झालेला प्रश्न आज सांगली-कोल्हापुरात मोठा आहे. क्षारपड जमिनी सुधारायला शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले आणि खारं पाणी नाल्यात काढलं. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातही निचऱ्याचं काम चालतं. यात एका शेतकऱ्याने पाइप टाकून भागत नाही. उताराच्या खालच्या बाजूच्या सगळ्यांची संमती लागते, कर्ज लागतं, मुख्य पाइपचा मार्ग लागतो. मग निचरा झाल्यावर पहिलं पीक कोणतं, धैंचा कधी गाडायचा, जिप्सम किती, फुले २६५ किती वर्षं आणि पुढे काय, हे ठरवावं लागतं. एवढं सगळं एका पदवीधराला यावं अशी अपेक्षा रास्त आहे का? मला वाटतं, आहे. मॅनच्या वेळी ती होती.

सहाव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची मुभा आहे, आणि त्यासाठी दहा आठवड्यांचं प्रत्यक्ष काम करावं लागतं. दहा आठवड्यांत काय शिकवायचं हे महाविद्यालयांनी ठरवायचं आहे. पुण्याला ते सोपं जावं, कारण पश्चिमेला वडगाव मावळचं भात संशोधन केंद्र आहे, पूर्वेला माळेगावला अजैविक ताणाची राष्ट्रीय संस्था, आणि मधल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरांत धो-धो पावसाच्या भातखाचरांपासून पाचशे मिलिमीटरच्या मुरमाड माळापर्यंत सगळं सापडतं. महाविद्यालयाच्याच आवारात २०१९ मध्ये मेट्रोच्या बोगद्याचं यंत्र जमिनीत उतरवलं, तेव्हा काळ्या मातीखालचा मुरूम आणि त्याखालचा बेसाल्ट असा सगळा छेद तिथे उघडा पडला होता. मातीपुरता असा छेद एका शेतात कुदळीने खणायला अर्धा दिवस लागतो. पहिल्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याने तो खणावा, खोली मोजावी आणि त्यावरून आपल्या वाफ्यात काय पेरायचं ते लिहून द्यावं, एवढा एक बदल विद्यापीठाला परिषदेची परवानगी न मागता करता येईल.